पुढच्या खोलीतले स्पीकर

इतवारा पेठेत आमच्या गल्लीत अजूनही सांगतात, की शाळेतल्या बाईंनी पन्नाशी उलटल्यावर भोंग्यांपायी भावाचं घर सोडलं. सांगणारे सांगताना हसतात. भोंगे म्हणजे माझे स्पीकर. मी कुणाचं तोंड धरायला जात नाही. एकदा शांतपणे लिहून टाकावं म्हणून बसले आहे, पण शांतपणे जमेल असं काही वाटत नाही.

स्पीकर माझ्या कमाईचे होते. नोकरी लागल्यावर बाकीच्या बायकांनी बांगड्या केल्या, मी रेकॉर्ड प्लेयर, अँप्लिफायर आणि कमरेएवढे उंच दोन स्पीकर घेतले. तेव्हा आईबाबा होते. बाबा म्हणाले, लग्नात सोबत घेऊन जाशील. लग्न झालं नाही. का झालं नाही ते इथे सांगायचं कारण नाही, ज्यांना कारण हवं होतं त्यांनी ते आपापल्या सोयीनं तयार केलंच आहे. पुढे आईबाबा गेले. धाकटी बहीण लग्न होऊन भुसावळला गेली. दादाचा संसार वाढला, मुलं मोठी झाली, शिकायला बाहेरगावी गेली. घरात उरलो आम्ही तिघं, दादा, वहिनी आणि मी. आणि पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभे माझे दोन स्पीकर.

दादाचं कापडाचं दुकान. शाळेतून येऊन मी चहा घेतला की दादा दुकान वाढवून घरी येईपर्यंत पुढची खोली माझी असायची. वहिनी त्या वेळेला देवळात जायच्या. मी एखादी रेकॉर्ड लावायची आणि दिवाणाच्या कडेला बसून ऐकायची. बहुतेक ख्यालच, कधी ठुमरी. मला गाता येत नाही. शिकायचं होतं, कुणी शिकवलं नाही, तेही असो. पण ऐकता मला येतं, चांगलं येतं, आणि हे मी मान वर करून सांगते. त्या तासाभरात मी कुणाची बहीण नसायची, कुणाची नणंद नसायची आणि शाळेतल्या पोरींची बाईही नसायची. माझ्या आयुष्यात माझं म्हणून जे काही होतं ते एवढंच, तो तास आणि ती खोली. त्या घरात मी खालमानेनं इतकी वर्षं निभावलं ते त्या एका तासाच्या जोरावर.

ऐकणं म्हणजे तरी कसलं? आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना पॉवरलूम. सकाळपासून खडखड सुरू. लूम थांबायचे ते फक्त लाइट गेली की, आणि लाइट गेली की माझं गाणंही थांबायचं. म्हणजे त्या घरात मी शांततेत गाणं असं कधी ऐकलंच नाही. विलंबित ख्यालाच्या खाली कायम दुसऱ्याचा धागा विणला जात असायचा. सवय झाली होती. माणसाला कशाचीही सवय होते, हे लोक कौतुकानं सांगतात. मला ते ऐकलं की तिडीक येते.

मग स्पीकर खराब व्हायला लागले. आधी खर्जात फरफर ऐकू यायला लागली, जुना माठ पाझरावा तशी हळूच. मी दुर्लक्ष केलं. मग तबल्याचा डग्गा वाजला की आतून खुळखुळ आवाज यायला लागला. एका रविवारी मी पेचकस घेऊन बसले आणि पुढची जाळी काढली. कागदी पडद्याच्या भोवती फोमची गोल कड असते, तिच्यावर तो पडदा हलतो. ती कड बोट लावताच शिळ्या पापडासारखी चुरली. हे वयानं होतंच, त्यात कुणाचा दोष नाही. पण खुळखुळ कशाची?

खोक्याच्या पुढच्या बाजूला खाली एक वाटीएवढं भोक असतं, हवेसाठी. त्यात हात घातला तर मूठभर तांदूळ निघाले. हळद लागलेले, कुंकू लागलेले, जुने, किडलेले. सोबत झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या आणि आपट्याची पानं. दसऱ्याला आमच्याकडे दुकानातला कापड मोजायचा गज, कात्री, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्याची पूजा होते. माझ्या स्पीकरांचीही व्हायची, मला ते आवडायचंही. पण वहिनी अक्षता वरून टाकत नव्हत्या, भोकातून आत सोडत होत्या.

"आत कशाला टाकल्या वहिनी?" मी विचारलं.

"मंग कुठं टाकणार? तोंड तेच नं त्याचं," वहिनी म्हणाल्या. "देवाले काय पाठीवर निवद दाखवतात?"

मी हसले. त्या वेळी हसू येत होतं मला.

तांदूळ काढले, खुळखुळ गेली, फरफर राहिली. आता प्रश्न उभा राहिला, की पुढे काय करायचं. कड नवी बसवून हेच स्पीकर चालवायचे, का नवे घ्यायचे? इंदूरला एक जण कडा बसवून देतो असं ऐकलं होतं. पण दिवस बदलले होते. ज्या वस्तू पूर्वी कुणाचा मामा दुबईला असला तरच घरात दिसायच्या, त्या आता सरळ दुकानात मांडलेल्या असायच्या. टीव्हीवर रोज कुणीतरी टाय लावून सांगायचं, की देश आता जगाशी जोडला गेला. आमच्या गल्लीतले लूम तेच होते, गटार तेच होतं, पण इंदूरला परदेशी स्पीकर मिळायला लागले होते एवढं मात्र खरं.

मी वर्षभर विचार करत राहिले. सहकारी शिक्षिकेच्या भावाकडून मासिकं मागवली, माहितीपत्रकं मागवली. जुन्या स्पीकरांचा खर्ज भरदार होता, लाकूड अस्सल सागवान होतं. नव्यांचा आवाज स्वच्छ असतो म्हणत होते, पण ते आकारानं लहान, अंगात दम किती असेल कुणास ठाऊक. एक दिवस वाटायचं दुरुस्तीच बरी, दुसऱ्या दिवशी वाटायचं आता किती दिवस डागडुजी करायची. दादा वैतागायचा.

"काय येवढा घोळ घालू राह्यली तू? लेऊन टाक नवे. नाहीतर फेकून दे हे. टीव्ही आहे नं घरात, त्याच्यात पण गाणे लागतात."

वहिनींचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना त्या भिंतीशी शोकेस हवं होतं, काचेचं, मुलांचे कप आणि मेडल ठेवायला. त्या स्पष्ट बोलायच्या नाहीत. फक्त पदरानं स्पीकर पुसता पुसता म्हणायच्या, "ही जागा किती मोक्याची आहे, नाही?"

मला घोळ घालायला आवडत होतं, हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. त्या घरात भाजी काय करायची ते वहिनी ठरवायच्या, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं ते दादा ठरवायचा, माझ्या पगाराची एफडी कुठल्या बँकेत करायची तेही दादाच ठरवायचा. स्पीकरांचं काय करायचं एवढी एकच गोष्ट मी ठरवणार होते. मग ती पटकन ठरवून संपवू कशाला? लहान मूल पेढा कसं कडेकडेनं खातं, तसा तो निर्णय मी पुरवून पुरवून घेत होते. चूक झाली असेल तर तीच, आणि तिला मी चूक मानायला तयार नाही.

तेवढ्यात आखाजी आली.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे ती नुसती तिथी नसते. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, आमरस आणि मांडे होतात. माहेरवाशिणीला त्या दिवसांत कुणी काम सांगत नाही, कुणी नाही म्हणत नाही. आणि आमच्या घराण्यात आणखी एक रीत होती. माहेरवाशिणीनं आखाजीला घरातल्या एखाद्या वस्तूला छान म्हटलं, की ती वस्तू तिच्यासोबत गेलीच. देणारा हौसेनं द्यायचा आणि चारचौघांत सांगायचा. माझ्या आत्यानं एकदा तांब्याच्या घंगाळाचं कौतुक केलं, तर ते त्याच संध्याकाळी बैलगाडीत चढलं होतं आणि आईनं पुढे वर्षभर पातेल्यात पाणी तापवलं. म्हणून आमच्या घरच्या मुलींना लहानपणीच शिकवलेलं असायचं, की आखाजीला खा, प्या, झोपा, पण कशाचं कौतुक करू नका.

धाकटी नवऱ्यासोबत जीपमधून आली. मला ती मनापासून आवडते. गाण्यातलं तिला ओ की ठो कळत नाही, पण मला बरं वाटावं म्हणून ती माझ्याशेजारी बसून ऐकते. त्या दुपारी मी रेकॉर्ड लावली होती, आवाज बारीक ठेवून, म्हणजे फरफर कमी ऐकू येते. ती दिवाणावर पाय पसरून पडली होती. म्हणाली, "ताई, तुझे स्पीकर अजूनही काय मस्त वाजतात गं!"

बोलली आणि तिनं जीभ चावली. पण दादा आंब्यांची पाटी घेऊन दारातच उभा होता.

"आवडले का तुले?" तो म्हणाला. त्याचा चेहरा असा फुलला, की बघणाऱ्याला त्याचं कौतुक वाटावं. "मंग लेऊन जा!"

"अरे नाही दादा, मी आपलं असंच म्हटलं. ताईचे आहेत ते."

"ताई नवे घेऊ राह्यली. सालभर तेच चालू आहे तिचं. हे तर तसेही जाणारच होते. तू आखाजीले आली, तोंडातून शब्द काढला, आता हे तुझे." मग जावयांकडे वळून म्हणाला, "जीपमध्ये मावतील नं, पाहुणे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायचं टाळलं असतं तरी मी समजू शकले असते, टाळणाऱ्याला निदान माहीत असतं की समोर कुणी आहे. दादाला पाहायचं सुचलंच नाही.

मी काय करायला हवं होतं? बोलायला हवं होतं, असं आज तुम्ही म्हणाल. आखाजीच्या दिवशी, जावयासमोर, धाकट्या बहिणीला दिलेल्या वस्तूवर हक्क सांगायचा? आमच्या लोकांत बाई त्यापेक्षा चोरी करेल. धाकटी माझ्याकडे बघत होती, डोळ्यांनी विनवत होती की मी काहीतरी बोलावं. मग मीच उठून रेकॉर्ड थांबवली, कारण वाजत्या स्पीकरच्या तारा कशा काढणार? तारा मीच काढल्या. गुंडाळून मीच दिल्या.

वहिनींनी जीपमध्ये चढवण्याआधी दोन्ही स्पीकरांना हळदकुंकू लावलं. या वेळी अक्षता वरूनच टाकल्या.

जीप गेली. पुढच्या खोलीत भिंतीवर दोन चौकोन उरले, आजूबाजूच्या रंगापेक्षा उजळ. दादा दिवाणावर पंख्याखाली पडला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"दादा, मला एकदा विचारायचं तरी."

"काय विचारायचं?"

"माझे होते ते."

तो उठून बसला. खरंच गोंधळला होता. "तुझे नी माझे काय गं आपल्यात? आतापर्यंत कधी केलं का आपण तुझं-माझं? तू काय परकी आहे का, तुले विचारायला? परक्याले विचारतात."

हे तो वरमून बोलला असता, उलटून बोलला असता, तर मला भांडता आलं असतं. पण त्याच्या आवाजात माया होती. आपली बहीण असं काही मनात आणते याचं त्याला वाईट वाटत होतं. ती मायाच मला सहन झाली नाही. मी आत गेले आणि पोळ्या लाटायला घेतल्या, कारण त्या घरात बाईला एकटीनं उभं राहायला दुसरी जागा नव्हती.

पुढच्या आठवड्यात धाकटीचा फोन आला. "ताई, इथे कुणी ऐकत नाही गं. सासूबाईंनी एकावर फुलदाणी ठेवली आहे आणि दुसऱ्यावर इस्त्रीचे कपडे. परत पाठवू का?" मी नको म्हटलं. आखाजीचं दिलेलं परत आणलं असतं, तर दादाला महिनाभर अन्न गोड लागलं नसतं, आणि ते शेवटी माझ्यावरच आलं असतं. फोन ठेवल्यावर मला धाकटीचाही राग आला. तिचा काही अपराध नव्हता. तरी आला, आणि बरेच दिवस राहिला.

दादा मात्र उत्साहात होता. "आता चांगले फॉरेनचे घे. इंदूरले जा, सुट्ट्याच आहेत तुले." उन्हाळ्याची सुट्टी होती. मी खंडव्यावरून बसनं इंदूरला गेले. खरं सांगायचं तर रागातच गेले. म्हटलं, आता असे घेते की गल्ली बघत राहील.

दुकान थंडगार होतं, काचेच्या दारांचं. मालक माझ्याच वयाचा, सावकाश बोलणारा. त्यानं मला खुर्चीवर बसवलं, समोर दोन लहान स्पीकर ठेवले, भिंतीपासून चांगले लांब, आणि एक सतारीची रेकॉर्ड लावली. ते मी कसं सांगू? माझ्याकडेही तीच रेकॉर्ड होती. पण तारेवर नखी पडायच्या आधी वादकानं घेतलेला श्वास मी पहिल्यांदा ऐकला. इतकी वर्षं मी अर्धंच ऐकत आले होते. खर्ज जरा कमी होता, पण मला त्याचं काही वाटलं नाही. मी म्हटलं, हेच द्या.

त्यानं लगेच बांधायला घेतले नाहीत. बिलाची वही काढली नाही, काही नाही, नुसतं विचारलं, "बहनजी, कमरा कितना बड़ा है?"

मी सांगितलं, आमची पुढची खोली अशी अशी.

"दीवार से थोड़ा आगे रखने पड़ेंगे. और आपको सामने बीच में बैठना पड़ेगा. वहाँ अभी क्या है?"

तिथे दादाचा दिवाण होता. आणि भिंतीशी आता शोकेस येणार होतं, सुताराला सांगून झालं होतं. मी म्हटलं, "दिवाण है."

"हटा सकते हैं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "पूछना पड़ेगा."

"कोई बात नहीं," तो सहज म्हणाला. "पूछ के आइए."

त्याच्या बोलण्यात काहीही वाकडं नव्हतं. मला मात्र कुणीतरी भर बाजारात थोबाडीत मारल्यासारखं झालं. इतकी वर्षं पोरींना शिकवलं, त्यांच्यातल्या काही जणी आता स्वतः शिक्षिका आहेत, आणि मी एक खुर्ची कुठे ठेवायची ते घरी विचारून येणार होते. मला न विचारता माझं सामान जीपमध्ये चढवणाऱ्या माणसाला मी विचारणार होते, की तुझा दिवाण हातभर सरकवशील का. मी दुकानातून रिकाम्या हातानं निघाले. बसमध्ये असीरगडाच्या चढावर गाडी रखडली, सगळे उतरले, मी बसूनच राहिले. मला इतका राग कधीच आला नव्हता. दादाचा कमी आणि माझाच जास्त.

घरी आल्यावर मी दिवाणाचं विचारलं नाही. मी म्हटलं, "दादा, मला गच्चीवरची खोली दे."

गच्चीवर एक बरी खोली होती. तिच्यात दुकानातला न खपलेला माल ठेवलेला, वर्षानुवर्षं, वरची कापडाची थानं पिवळी पडलेली.

"काहून? खाली काय झालं?"

"मला माझी एक खोली हवी. दार लावता येईल अशी."

दादानं वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "वर एकटी राहणार ताई तुम्ही? लोक काय म्हणतील, नणंदेले वर टाकलं म्हणून?"

आणि दादा म्हणाला, "एक खोली काय मागती तू? सगळं घर तुझंच आहे."

तो हे मनापासून म्हणाला. मी पुन्हा मागितलं, त्यानं पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा मी मागितलं नाही. सगळं घर माझं होतं, आणि त्यातली एकही खोली मला मिळत नव्हती. थानं मात्र वर आरामात पडून होती, त्यांना कुणी म्हणत नव्हतं की लोक काय म्हणतील.

शाळा सुरू व्हायच्या आत मी शनवारा पेठेत एका निवृत्त कारकुनाच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. एक खोली, पुढे छोटी ओसरी. घरमालकानं विचारलं, "घरी भांडण झालं का?" मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. भांडायला दोन माणसं लागतात. आमच्यात एकच भांडत होतं.

निघाले त्या दिवशी दादा दुकानातून आलाच नाही. वहिनी रडल्या, मनापासून रडल्या, आणि पापड, कुरडया, लोणच्याची बरणी असं सगळं बांधून दिलं. त्यांनी मला दाराशी कुंकू लावलं. मी हातगाडीवर अँप्लिफायर, प्लेयर, रेकॉर्डची ट्रंक आणि कपडे घेऊन निघाले तेव्हा गल्लीतल्या बायका दारात येऊन उभ्या होत्या. बाप्यांनी लूमवरून माना वर केल्या. तिथूनच ते भोंग्यांचं सुरू झालं.

नवे स्पीकर आणले. भिंतीपासून लांब ठेवले, समोर मधोमध खुर्ची मांडली, कुणालाही न विचारता. आवाज चांगला आहे. मी सुखात आहे असं लिहायला आवडलं असतं. पण पहिले काही महिने मी ऐकत कमी आणि मनातल्या मनात भांडत जास्त होते. ताना चाललेल्या असायच्या आणि मी दादाला उत्तरं देत बसायची, तेव्हा सुचली नव्हती ती, एकापेक्षा एक धारदार. आता कुठल्याही वेळेला रेकॉर्ड लावता येत होती. त्यामुळे संध्याकाळची वाट पाहायचं काही कारण उरलं नव्हतं, आणि शाळेतून घरी परतताना पाय पूर्वीसारखे भरभर उचलत नव्हते. हे मी कुणापाशी बोलले नाही. बोलले असते तर लोक म्हणाले असते, बघा, आम्ही म्हटलं नव्हतं?

दादा आला तो पावसाळा संपल्यावर, एका रविवारी. वहिनी बऱ्याचदा येऊन गेल्या होत्या, तो नव्हता आला. माझं गाणं चालू होतं, त्यामुळे जिन्यावर पावलं ऐकू आली नाहीत. मान वळवली तर तो ओसरीत उभा. इस्त्रीचा सदरा घातला होता, जसा परगावी सोयऱ्यांकडे जाताना घालतो. चपला त्यानं खाली जिन्याशीच काढल्या होत्या. हातात फळांची पिशवी होती. आमच्या घरात दारावर टकटक करायची पद्धत नाही, कुणीही कुठलंही दार ढकलून आत यायचं. मी साडी बदलत असतानाही त्यानं कितीदा बाहेरून हाका मारत दार लोटलं असेल आणि जीभ चावून परत फिरला असेल.

माझं दार सताड उघडं होतं. तरी तो बाहेरच थांबला. त्याचे केस खूप पांढरे झाले होते. त्यानं स्पीकरांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"येऊ का आत?" तो म्हणाला.

जन्मात पहिल्यांदा त्यानं काही करायच्या आधी मला विचारलं होतं. हेच तर मला हवं होतं, यासाठीच मी सगळं सोडून आले होते. आणि ते ऐकल्याबरोबर मी खुर्चीतून उठून उभी राहिले, पाहुणा आल्यावर राहतात तशी. तो टोमणा मारत नव्हता, रुसलाही नव्हता. परक्याच्या घरी जसं विचारतात तसं तो विचारत होता, आणि त्याच्या हिशोबानं ते बरोबरच होतं. मला ये म्हणायचं होतं. दोन्ही स्पीकरांतून गाणं चांगलं मोठ्यानं चाललं होतं, माझा आवाज मात्र फुटत नव्हता. आणि माझा भाऊ उंबऱ्याबाहेर, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत, मी हो म्हणायची वाट पाहत उभा होता.